किट कारचं हूड गळतंय, फडफडतंय, बटणं पोचत नाहीयेत? नवीन शिवायला टाकायच्या आधी हे बघा

माझं काम कुशनचं आणि हुडाचं, म्हणजे उघड्या गाडीच्या कापडी छपराचं. सोलापुरात उघड्या गाड्या तशा कमी नाहीत, जुन्या एमएम ५४०, जिप्सी, थार, आणि अधूनमधून एखादी हौसेनं बांधलेली टू-सीटर, फायबरची बॉडी, खाली मारुतीचं नाहीतर जीपचं इंजिन. जीपवाल्याचं सोपं असतं, त्याचं माप ठरलेलंय, तयार हूड मागवता येतं. किट कारवाल्याचे, म्हणजे सुटे भाग आणून गाडी जोडून घेणाऱ्याचे, मात्र हाल. बॉडी एकाची, चासी दुसऱ्याची, पुढची काच तिसऱ्याच गाडीची आणि जोडणारा चौथा. एकाच साच्यातून निघालेल्या दोन बॉड्या असल्या तरी एकानं काचेची फ्रेम सरळ बसवलेली असते, दुसऱ्यानं दोन इंच मागं झुकवलेली, मग एकाचं हूड दुसऱ्याला बसणार कसं?

इंग्लंडात ह्या गाड्यांचं पेव फुटलं त्यात टॅक्सचा मोठा हात होता. पूर्ण गाडीवर परचेस टॅक्स, सुट्या भागांवर नाही, म्हणून लोक लोटस सेव्हनसारखी गाडी किटमध्ये घेऊन घरीच जोडायचे. १९७३ ला तो टॅक्स जाऊन व्हॅट आला आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडं गेले. ती गाडी अजून बनते म्हणून तिचं हूड अजून मिळतं. पण कितीतरी छोटे किटवाले बंद पडले, साचे ह्याच्याकडून त्याच्याकडं गेले, हुडाचे कागदी नमुने कुठं गेले कुणाला ठाऊक. त्यामुळं तुमच्याकडं असली गाडी असेल तर तयार हुडाच्या शोधात फार दिवस घालवू नका. एकदा बघून घ्या की हुडाचा सांगाडा कुठल्या कंपनीच्या गाडीवरून उचललाय का, कारण बरेच किटवाले जुन्या गाडीचा सांगाडा जसाच्या तसा वापरायचे, आणि तसं असेल तर त्या गाडीचं हूड थोड्या फेरफारानं बसू शकतं. नसेल तर शिवावंच लागतं.

पण शिवायच्या आधी. माझ्याकडं येणारे बहुतेक जण म्हणतात, कापड खराब होतं, नवीन टाकून द्या. आणि गाडी बघितली की कापड बरं असतं, सांगाडा वाकडा असतो. त्यावर नवीन कापड चढवलं तर पुढच्या पावसाळ्यात तेच रडगाणं.

लक्षणं

- पाऊस आला की पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यांतून पाणी, थेट गुडघ्यावर.
- हायवेला साठच्या पुढं गेलं की छप्पर वर फुगतं आणि बोलणं ऐकू येत नाही इतकी फडफड.
- उभ्या गाडीवर दोन कमानींच्या (कापड पेलणाऱ्या सांगाड्याच्या वाकवलेल्या पाईपांच्या) मध्ये पाण्याचं तळं साचतं.
- थंडीत सकाळी मागची टिच बटणं बोटभर कमी पडतात, दुपारी मात्र लागतात.
- कापड धडधाकट पण शिवण उसवते.
- मागची प्लास्टिकची काच पिवळी, घडीच्या रेषेवर तडा.
- दरवेळी एकच कोपरा फाटतो. हे तुमचं लक्षण असेल तर मधलं सगळं सोडा आणि सरळ सांगाड्याच्या भागाकडं जा.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

आधी पाणी नक्की कुठून शिरतंय ते बघा. जिथं टपकतंय तिथंच गळतंय असं नसतं, पाणी वर कुठंतरी आत येतं, कमानीच्या पाईपवरून वाहत जातं आणि भलतीकडंच पडतं. एक जण आत बसवा, हातात खडू, मांडीवर जुना पेपर. दुसऱ्यानं बागेचा पाईप घ्यायचा, तोंडाला काही न लावता, बारीक धार, आणि खालून सुरुवात करून हळूहळू वर यायचं. खालून का, तर वरून सोडलं की सगळं एकदम ओलं होतं आणि कुठली शिवण गळतीय ते कळत नाही. सर्व्हिसिंगवाल्याची प्रेशर गन मारू नका बे, ती चांगल्या शिवणीतूनही पाणी आत ढकलते आणि वरचा कोट सोलून काढते, मग जे गळत नव्हतं ते पण गळायला लागतं.

बटणं पोचत नसतील तर गाडी तासभर उन्हात लावा आणि मग ओढून बघा. रेक्झिन आणि पीव्हीसी थंडीत आखडतं, उन्हात सैल पडतं. आपल्याकडं ऊन ही काही विकत आणायची वस्तू नाही. उन्हात लागत असतील तर कापड अजून मेलेलं नाही, एवढा निष्कर्ष काढा. उन्हात पण दोन बोटं कमीच पडत असतील तर एकतर कापड कायमचं आकसलंय किंवा मागची कमान सरकलीय, आणि ह्या दोन्हीतला फरक पुढं टेपनं कळतो.

मग रबर. काचेच्या फ्रेमवरची आणि दरवाज्याची रबरपट्टी. दहाची नोट मध्ये धरा, हूड नेहमीसारखं लावा, नोट ओढा. अडून आली तर ठीक, सहज निसटली तर तिथं फट आहे. सगळ्या कडेनं असं करत जा. आपल्या उन्हात रबर दगड होतं आणि तेवढ्यासाठी लोक अख्खं हूड बदलतात. पट्टी मीटरवर मिळते, जुना तुकडा सोबत घेऊन जा, नुसतं "गाडीचं रबर द्या" म्हटलं तर दुकानदार हाताला येईल ते देतो.

चहाच्या पैशात होणाऱ्या

टिच बटण, चेन, पट्टे. बटणात धूळ बसली की ते अर्धवट लागतं, वाऱ्यानं सुटतं आणि मग एका बटणाचा ताण शेजारच्या दोघांवर येतो, तिथून फाटायला सुरुवात. घासून साफ करा, किंचित व्हॅसलिन लावा, चेनीवर मेणबत्ती फिरवा. वाकलेलं बटण पक्कडीनं दाबून सरळ करायच्या भानगडीत पडू नका, ठोकायचा डाय साधा मिळतो, नवीन ठोका. आणि बटणाची खालची बाजू, म्हणजे बॉडीवरची, ती फायबरमध्ये नुसत्या स्क्रूनं धरलेली आहे का बघा. फायबरमध्ये स्क्रूचं भोक मोठं होत जातं. आतून हात पोचत असेल तर वॉशर आणि नट लावून बोल्ट करा. भोकाभोवती चांदणीसारख्या बारीक भेगा दिसल्या तर तिथं बटण परत घट्ट करू नका, त्याबद्दल शेवटी.

कमानींना जोडणारे आडवे-उभे पट्टे असतात, आतून, निवारीसारखे. बघायला कुणी जात नाही, पण मधली कमान कुठं उभी राहणार हे तेच ठरवतात. पट्टा ताणून लांब झाला की कमान पुढं झुकते, कापड दोन्हीकडं सैल पडतं, मग तळंही साचतं आणि फडफडही होते. नायलॉनच्या जागी सीट बेल्टसारखा पॉलिएस्टरचा पट्टा टाका, नायलॉन ओलं झालं की थोडं ताणतं. एवढ्या एका कामावर गाडी परत गेली आणि नवीन हूड लागलंच नाही असं माझ्याकडं बऱ्याचदा होतं, धंद्याचं नुकसान म्हणा पाहिजे तर.

शिवण आणि कापड

शिवणीचा दोरा नखानं उचलून बघा. तुटला तर दोरा जळालाय. कॉटनचा दोरा कुजतो, साधा नायलॉन उन्हात जळतो, बाहेरच्या कामाला बॉन्डेड पॉलिएस्टर दोराच पाहिजे. पुष्कळ कारागीर सीटला वापरतात तोच दोरा हुडाला वापरतात, सीट सावलीत असते, हूड मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात दिवसभर उभं असतं, फरक पडणारच. कापड चांगलं असेल आणि फक्त दोरा गेला असेल तर जुन्याच भोकांतून परत शिवून घेता येतं. नवीन भोकं पाडली की कापड तिकिटासारखं फाटतं, म्हणून ज्याला देताय त्याला हे आधी सांगा.

शिवणीतून नुसतं झिरपत असेल तर कॅनव्हासला मेण, पीव्हीसीला त्याचंच शिवण-सोल्युशन. सिलिकॉन भरू नका. ते काही दिवसांत सोलून निघतं आणि जाताना असा थर ठेवून जातं की नंतर त्यावर काहीच चिकटत नाही. सिलिकॉन भरलेलं हूड माझ्याकडं आलं की माझं तोंड वाकडं होतं, खरं सांगतो.

कापडाचं: कोपरा दुमडा, घडीवर नख फिरवा. रेक्झिन किंवा पीव्हीसीला पांढऱ्या रेघा पडल्या, कडकड वाजलं, बारीक तडे दिसले तर संपलं. त्यात मऊपणासाठी जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं ते वर्षानुवर्षं उन्हात उडून जातं, कापड आखडतं आणि कडक होतं, कुठल्याही पॉलिशनं ते परत येत नाही. पेट्रोल, थिनर, रॉकेलनं पुसलं तर अजून लवकर जातं. कॅनव्हास असेल तर आत बसून उन्हाकडं बघा, टाचणीएवढे उजेडाचे ठिपके किती दिसतात. थोडे असले तर मेण चालेल, चाळण झाली असेल तर सोडा.

मागची प्लास्टिकची काच पिवळी पडली तर ती एकटी बदलता येते, त्यासाठी अख्खं हूड नको. पाऊण ते एक मिलिमीटरची क्लिअर पीव्हीसी शीट घ्या. त्याहून पातळ घेतली की वाऱ्यानं थरथरते आणि मागचं सगळं पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं.

सांगाडा, जो कुणी बघत नाही

इथं वेळ द्या. हूड पूर्ण काढा. गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी पाहिजे, जॅकवर नाही, कारण फायबरची बॉडी जॅकवर थोडी पिळते आणि माप चुकतं. चाकांत हवा सारखी.

टेप घ्या. काचेच्या फ्रेमचा डावा वरचा कोपरा ते मागच्या कमानीचा उजवा पाया, आणि मग उलटं. दोन्ही कर्ण सारखे यायला पाहिजेत. बोटाच्या पेराएवढा फरक आला तर सांगाडा किंवा काचेची फ्रेम पिळलेली आहे. तुमचा तो एकच कोपरा दरवेळी का फाटतो त्याचं उत्तर बहुतेक इथंच मिळतं, लांब कर्णाच्या टोकाला.

मग दोरी. काचेच्या फ्रेमच्या मधोमध आणि मागच्या डेकच्या (सीटमागच्या बॉडीच्या सपाट भागाच्या) मधोमध खुणा करून दोरी ताणा, प्रत्येक कमानीचा मध्य दोरीखाली यायला पाहिजे. आता दोरी कडेला घ्या, पुढच्या फ्रेमपासून मागच्या कमानीपर्यंत, आणि बाजूनं बघा. मधली कमान दोरीला टेकली पाहिजे किंवा दोरीला किंचित वर उचललं पाहिजे. दोरी आणि कमानीत फट दिसली म्हणजे कमान खाली आहे, तिथं कापडाला आधार नाही, तिथंच तळं होणार. हस्ताचा पाऊस आपल्याकडं कसा येतो माहितीय, दिवसभर काही नाही आणि संध्याकाळी तासाभरात धो धो. अशा पावसात खोलगट जागेत बादलीभर पाणी साचतं, तेवढं वजन शिवणीला झेपत नाही, ताणलेलं कापड परत पहिल्यासारखं होत नाही आणि पुढच्या वेळी तळं मोठं होतं.

सांध्यांचे रिव्हेट हलवून बघा. खडखड करत असतील तर ड्रिल करून काढा आणि बोल्ट, वॉशर, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप न सुटणारा) टाका. स्वस्त काम आहे, घरी होतं. शेवटी काचेची फ्रेम: दोघांनी दोन बाजूंनी धरून अलगद पुढं-मागं करा. हलली तर हूड ओढल्यावर ती मागं येते आणि गाडी पळताना वाऱ्यानं अजून मागं येते, म्हणजे तुम्ही घरी घट्ट लावलेलं हूड पुणे रोडला सैल होतं. खालचे बोल्ट घट्ट करून बघा, पण बोल्टखाली फायबर चुरगळलेलं असेल तर घट्ट करून उपयोग नाही.

हे सगळं सरळ झाल्याशिवाय नवीन हुडाचं माप घेऊ नका. आणि जो कारागीर सांगाडा न बघता फोनवर भाव सांगतो त्याच्याकडं टाकूच नका.

शिवायचंच ठरलं तर

पहिली गोष्ट, जुनं हूड उसवून त्यावरून कापू नका. सगळे तेच करतात. जुनं हूड काही ठिकाणी आकसलेलं, काही ठिकाणी ताणलेलं असतं, आणि वाकड्या सांगाड्यावर बसून वाकडं झालेलं असतं. त्याच्याकडून फक्त एवढंच घ्या: शिवणी कुठं होत्या, काच केवढी होती, पट्टे कुठं होते.

नमुना गाडीवरच बनवायचा. धुऊन वाळवलेला मांजरपाट घ्या, न धुता घेतला तर तो नंतर आटतो. उभा धागा गाडीच्या लांबीला, चिकटपट्टीनं आणि टाचण्यांनी कमानीवर ताणून बसवा, सुरकुती जाईपर्यंत, मधली रेघ मारा, कमानींच्या जागा मारा. एक बाजू कापून दुसरी तिच्यावरून छापायची सोय कंपनीच्या गाडीला चालते, किट कारला दोन्ही बाजू वेगवेगळ्या घ्या, त्या कधीच सारख्या नसतात.

कापडाचं सांगतो. ट्रकची पीव्हीसी ताडपत्री स्वस्त आणि पाणी शंभर टक्के अडवते पण जाड, घडी नीट बसत नाही, दिसायलाही ट्रकच. सीटचं फोमवालं रेक्झिन अजिबात नको, त्याचा मागचा थर पाणी पितो आणि कुजतो. हुडासाठीचं व्हिनाईल वेगळं मिळतं, तेच मागा. कॉटन कॅनव्हास मला स्वतःला आवडतं, ओलं झालं की धागा फुगून भोकं बुजतात, आत घामट होत नाही, पण कापायच्या आधी भिजवून वाळवून आटवून घ्यायलाच पाहिजे आणि ओलं असताना घडी घातली की बुरशी. सगळ्यात भारी म्हणजे तीन थरांचं, वर ॲक्रिलिक, मध्ये रबर, खाली अस्तर, परदेशी गाड्यांना असतं ते, रंग टिकतो, आवाज कमी, किंमत ऐकून बसावं लागतं. आणि कापडाच्या गावात राहतो म्हणून इथल्या कारखान्यांत विचारत फिरू नका, आपल्या मागांवर चादरी आणि टॉवेल निघतात, हुडाचं कापड नाही. पुणे-मुंबईहून मागवा.

घरच्या शिलाई मशीनवर हे होत नाही. खालचं आणि वरचं कापड एकदम ओढणारं वॉकिंग फूटचं मशीन पाहिजे, नाहीतर वरचा थर मागं राहतो आणि शिवण संपेपर्यंत इंचभर फरक पडतो. सुई अठरा नाहीतर वीस नंबर, टाका चार-पाच मिलिमीटरचा. बारीक टाका मजबूत वाटतो पण भोकं जवळजवळ येतात. शिवण शक्यतो कमानीच्या बरोबर वर आणा आणि वरचा तुकडा खालच्यावर चढलेला ठेवा, म्हणजे पाणी बाहेर घसरतं. मागची काच आधी सपाट कापडावर शिवायची आणि मग मागचं कापड कापायचं, उलटं केलं तर सुरकुत्या.

टिच बटणं सगळ्यात शेवटी, हूड गाडीवर चढवून, पुढच्या काचेच्या मधोमध सुरुवात करून दोन्ही कडांकडं जात. आणि वेळ निवडा. मे महिन्याच्या दुपारी कच्चून ताणून ठोकलीत तर डिसेंबरात कापड आखडतं आणि बटणं उपटतात, थंडीच्या पहाटे ठोकलीत तर उन्हाळ्यात पोट सुटतं. सकाळी नऊ-दहाची ऊब बरी.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

काचेच्या फ्रेमला तडा असेल, किंवा तिच्या बोल्टखाली फायबर चुरगळलं असेल तर फायबरचं काम करणाऱ्याकडं जा. तिथं आतून फायबरची मॅट आणि रेझिनचा थर चढवून मग लोखंडी पट्टी द्यावी लागते. बटणांभोवतीच्या चांदणी-भेगांचंही तेच.

कमान वाकली असेल आणि हातानं सरळ होत नसेल तर तापवू नका. किट कारमध्ये पेट्रोलची टाकी बऱ्याचदा सीटच्या मागंच असते, वर फायबर, जे पेटतं. कमान सोडवून फॅब्रिकेटरकडं न्या, त्याच्याकडं पाईप बेंडर असतो. गाडीवर ठेवून वेल्डिंग करतो म्हणणाऱ्याला नको म्हणा.

सीट बेल्टचा बोल्ट आणि हुडाचा पाया एकाच जागी असेल तर त्याला हात लावू नका, मेकॅनिकला दाखवा.

आणि कंटाळून कायमचा पत्र्याचा टप वेल्ड करायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वरून सांगितलंय की आरसीवर कंपनीची जी माहिती नोंदवलीय तिच्याविरुद्ध जाऊन गाडीत बदल करता येत नाही. फाटलेल्या कापडी हुडाच्या जागी तसंच कापडी हूड घालणं वेगळं आणि गाडीचा प्रकारच बदलणं वेगळं.

नवीन हूड बसल्यावर पहिले आठ-दहा दिवस ते लावलेलंच ठेवा, घडी घालू नका, कापड सांगाड्यावर बसायला वेळ लागतो. मग आतले पट्टे एकदा परत ओढून घ्या आणि तुळजापूर रोडला एक चक्कर मारून फडफड ऐका. घडी घालताना प्लास्टिकच्या काचेवर एक टॉवेल पसरा, प्लास्टिकवर प्लास्टिक घासलं की ओरखडे पडतात. साफ करायला साधं पाणी आणि मऊ फडकं, घरच्या काचेचा स्प्रे त्यावर मारायचा नाही.